१२ पाउंड द्या, मासा पकडा आणि परत सोडा: रेडिंगजवळच्या एका डे-तिकीट तळ्याचा रिव्ह्यू

माझे बाबा सांगलीचे. मी इकडे इंग्लंडात तिकीट काढून मासे पकडायला जातो हे त्यांना फोनवर सांगितलं तर पहिला प्रश्न आला, "म्हंजे पैसं तूच द्यायचं, मासा तूच धरायचा, आन् परत पाण्यात बी तूच सोडायचा? मग त्यो तळंवाला काय करतो रं?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता त्या तळ्यावर नऊ फेऱ्या झाल्यात, त्यातल्या तीन खुद्द बाबांना घेऊन, तर म्हटलं लिहूनच टाकू, कारण इकडच्या आपल्या मराठी ग्रुपवर दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतंच की पोरांना घेऊन फिशिंगला कुठं जायचं आणि सुरुवातीला काय काय घ्यायचं.

तळ्याचं नाव इथं टाकत नाही, पुढं थोड्या तक्रारी आहेत आणि मालक भला माणूस आहे, ज्याला जायचंय त्याने मला विचारा. रेडिंगपासून गाडीने पंचवीसेक मिनिटं, एम४ हायवेचा आवाज येईल न येईल एवढ्या अंतरावर. या भागात केनेट नदीच्या आजूबाजूला खडी काढून झालेले खड्डे भरपूर आहेत, त्यात पाणी भरून तळी झालीयत, त्यातलंच हे एक. चाळीसेक पेग आहेत. पेग म्हणजे काठावर बसायची ठरलेली जागा, लाकडी फळ्या ठोकलेल्या, प्रत्येकावर नंबर.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो कारण मला स्वतःला ती वर्षभर कळली नव्हती. कोर्स फिशिंग म्हणजे कुठला शिकायचा कोर्स नाही. इंग्रज लोकांनी गोड्या पाण्यातल्या माशांच्यात पण जातपात केलेली आहे, सामन आणि ट्राउट हे साहेबलोकांचे मासे, त्यांना म्हणायचं गेम, आणि उरलेले कार्प, टेंच, ब्रीम, रोच, पर्च, पाइक हे सगळे कोर्स, म्हणजे जाडेभरडे. आपण अर्थातच जाड्याभरड्यात.

सामान घ्यायची माझी कथा ऐका आणि तसं करू नका. मी ऑनलाइन एका दुकानातनं "ऑल इन वन" सेट मागवला, साठ पाउंडाला, त्यात दोन रॉड, दोन रील, मासा लागला की पीं पीं करणारे दोन अलार्म, स्टँड, चाळीस-पन्नास गळांचा डबा, रबरी आळ्या, काय नाही ते. फोटोत बघून वाटलं लॉटरीच. दुसऱ्याच दिवशी एका रॉडच्या टोकाची कडी, जिच्यातनं तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) जातो ती, निखळून तळ्यात गेली. दुसऱ्या रीलवरचा तंगूस म्हणजे नुसता स्प्रिंग, टाकला की गुंडाळ्या गुंडाळ्या होऊन रॉडलाच मिठी मारायचा. दुकानाला मेल केला तर म्हणे वापरलेला माल परत घेत नाही. वापरल्याशिवाय तुटेल कसा हो? अलार्म मात्र अजून उत्तम चालतात, मुलगी खेळण्यातल्या हॉस्पिटलला वापरते.

त्यापेक्षा एक साधा बारा फुटी फ्लोट रॉड (फ्लोट म्हणजे दोरीला लावलेली, पाण्यावर तरंगणारी काडी), एक लहान रील, चार पाउंडाचा तंगूस (पाउंड म्हणजे किंमत नाही, तुटायची ताकद), दोन-तीन वॅगलर (फ्लोटचाच एक प्रकार), आणि १६ आणि १८ नंबरचे गळ. इथं नंबर वाढेल तसा गळ बारीक होतो, हे मला माहीत नसल्याने मी पहिल्यांदा ६ नंबर घेऊन गेलेलो, "लहान असेल" म्हणून. तो बघून शेजारच्या पेगवरचे आजोबा एवढे हसले की त्यांच्या चहात बिस्कीट बुडून गेलं.

हे आजोबा म्हणजे ह्या तळ्याचं खरं आकर्षण. कायम पेग नंबर ७ वर असतात, मी त्यांना घरी सातनंबरवाले म्हणतो. हिरवी टोपी, दोन जर्सी उन्हाळ्यात सुद्धा, आणि एक चौकोनी लाकडी पेटी जिच्यावरच ते बसतात. पहिल्या दिवशी मी सकाळी सात ते दुपारी दोन एकही मासा न लागता बसलो. त्याला इथं ब्लँक म्हणतात, "आय ब्लँक्ड" असं अगदी शांतपणे सांगायचं असतं, जसं आपण "आज लोडशेडिंग होतं" म्हणतो. तर आजोबांनी जाता जाता विचारलं "एनी गुड?" मी म्हटलं नो. ते म्हणाले "शुड हॅव बीन हिअर येस्टरडे." मी खरंच हळहळलो! नंतर कळलं की हे वाक्य ह्या देशात प्रत्येक तळ्यावर प्रत्येक माणूस रोज म्हणतो, काल कधीच कोणी आलेलं नसतं. आणि ज्याने दिवसभरात वीस मासे काढलेत तो विचारल्यावर म्हणणार "ओह, जस्ट बिट्स." आपल्याकडं बारा आण्याचा मासा कोपरापर्यंत हात दाखवून सांगतात, इकडं उलटं आहे.

पण मग आजोबांनी माझा फ्लोट उचलून बघितला आणि विचारलं, खोली किती आहे? मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी काही न बोलता खिशातनं एक बारकं वजन काढलं, खाली बूच लावलेलं, त्यात माझा गळ टोचला आणि टाकून दाखवलं. फ्लोट बुडाला तर खोली जास्त आहे, फ्लोट वर सरकवा. पाण्यावर आडवा पडला तर कमी आहे, खाली सरकवा. असं करत करत फ्लोटचं फक्त लाल टोक पाण्याच्या वर राहील तिथं थांबा, म्हणजे आमिष बरोब्बर तळाला टेकतं. ह्याला प्लंबिंग म्हणतात. मी सकाळपासून सात तास साडेचार फूट पाण्यात अडीच फुटावर मका लटकवून बसलेलो होतो, म्हणजे पंगत खाली बसलीय आणि मी माळ्यावर वाढतोय.

मग दुसरं. वारा डावीकडून होता आणि माझा फ्लोट सारखा उजवीकडं पळायचा. तर म्हणाले, टाकायचं थोडं लांब, मग रॉडचं टोक पाण्यात बुडवायचं आणि दोन-तीन वेळा झटकन गुंडाळायचं, तंगूस पाण्याखाली गेला की वाऱ्याला धरायला काही उरत नाही. वॅगलर फक्त खालच्या टोकाला ओवलेला असतो तो ह्यासाठीच. सात तास मी वाऱ्याला शिव्या देत होतो.

आणि तिसरं म्हणजे खायला घालायची पद्धत. मी सकाळी येऊन मक्याचा अख्खा डबा एकदम पाण्यात ओतलेला, म्हटलं येऊ देत सगळ्यांना. ते म्हणाले, पोट भरल्यावर तुझ्या गळाला कोण विचारतंय. सहा-सात दाणे टाका, दोन मिनिटं थांबा, परत सहा-सात. मासा लागला तरी टाकत राहा, नाही लागला तरी टाकत राहा. आणि तळ्याच्या मध्यावर फेकायची हौस असते ना आपल्याला, तर संध्याकाळी कार्प तुमच्या पायाखाली असतो, काठाला, जिथं दिवसभर लोकांनी उरलेलं आमिष सांडलेलं असतं. आवाज न करता बसा म्हणजे झालं.

ह्या सगळ्या टिप्स फुकट. यूट्यूबवर मी चाळीस तास व्हिडिओ बघितले असतील, त्यातल्या प्रत्येकाला काहीतरी विकायचं होतं.

मका टेस्को सुपरमार्केटचा, डब्यातला, गोड, तोच. वेगळा फिशिंगचा मका दुप्पट भावात मिळतो, घेऊ नका. लंचन मीट, म्हणजे डब्यातलं तयार मांस, पण चालतं, चौकोनी तुकडे करून. भाजके-उकडलेले काय काय प्रकार चालतात ते बघितलं तर डोकं चक्रावतं, छोले घालतात कार्पला! आणि हेंप, म्हणजे भांगेच्या बिया, शिजवून फुटायला लागल्या की पांढरा कोंब दिसतो त्या, रोच माशाला त्याचं वेड आहे. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "तरीच मासं गळाला लागत्यात, शुद्धीवर कुठं असत्यात."

आता आळ्या. तळ्याच्या गेटपाशी एक शेड आहे, तिथं तिकीट, चहा आणि आमिष मिळतं. आळ्या पाइंटने विकतात, दूध आणि बिअरसारख्या, साडेचार पाउंडाला पाइंट, माप घेऊन डब्यात ओततात. पांढऱ्या, लाल आणि तपकिरी. माल चांगला असतो, ताजा, जाड, वळवळणारा, वास फार नाही, त्याबद्दल शेडमधल्या बाईंना पूर्ण मार्क. पण हा माल घरी न्यायचा असेल तर थंड ठेवावा लागतो, गरम झाला की आठवड्यात त्याचे कोष होतात (ते पण आमिष म्हणून चालतात, कॅस्टर म्हणतात) आणि मग माशा. थंड म्हणजे फ्रिज. आमच्या घरी फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्याशेजारी आळ्यांचा डबा ठेवायचा विषय मी एकदा काढला होता. एकदाच.

म्हणून मी डबा गाडीत ठेवला. झाकण नीट होतं, पण झाकणाला हवेसाठी भोकं असतात, आणि त्या दिवशी पाऊस झाल्याने डबा ओला होता. तर मित्रांनो, कोरडी आळी गुळगुळीत प्लास्टिकवर चढू शकत नाही, पण ओली झाली की ती पाण्यानेच भिंतीला चिकटते आणि सरळ वर चालत जाते. ही माहिती मला सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना मिळाली, जेव्हा स्टिअरिंगवरनं एक, मग गिअरच्या खाचेतनं तीन, आणि मग लेकीच्या कारसीटच्या शिवणीतनं... जाऊ दे. व्हॅक्यूम केलं, दोनदा. तरी पंधरा दिवसांनी ट्रॅफिकमध्ये उभा असताना एसीच्या जाळीतनं एकामागोमाग एक धडधाकट माश्या बाहेर येऊन काचेवर बसल्या. बायको शेजारी होती. ती काही बोलली नाही, फक्त खिडकी खाली केली. डब्याला जाड कागदाचा पदर लावा, आणि उरलेला माल त्याच दिवशी पाण्यात टाकून या.

लायसन्सचं सांगतो कारण ह्यात आपले लोक हमखास फसतात. तळ्याचं तिकीट वेगळं आणि सरकारी रॉड लायसन्स वेगळं. इंग्लंडात गोड्या पाण्यात रॉड टाकायचा असेल तर वय १३ पासून पुढे प्रत्येकाला लायसन्स लागतं, १३ ते १६ वाल्यांना फुकट आहे पण काढावं लागतंच, ६६ आणि त्यावरच्यांना वर्षाच्या लायसन्सला सवलत. मोठ्यांचं वर्षाचं ३५ पाउंडांच्या वर जातं, एका दिवसाचं आणि आठ दिवसांचं पण मिळतं. सरकारी साइटवरच काढा, गूगलवर वर येणाऱ्या भलत्या साइट मधल्यामध्ये जास्तीचे पैसे घेतात. विनालायसन्स सापडलात तर दंड २,५०० पाउंडांपर्यंत जाऊ शकतो. आणि नदीवर १५ मार्च ते १५ जून कोर्स फिशिंग बंद असतं, माशांच्या विणीचा काळ म्हणून, १६ जूनला उघडतं आणि त्या दिवसाची इथले जुने लोक दिवाळीच्या पहिल्या आंघोळीसारखी वाट बघतात. अशी बहुतेक खाजगी तळी मात्र वर्षभर चालू असतात, म्हणून बाबा मे महिन्यात आले तेव्हा तळंच होतं आमच्याकडे.

बाबा आले ते त्यांची बॅग घेऊन आले. बॅगेत आईने दिलेली थालीपीठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी, आणि तळाला जुन्या रुमालात बांधलेला एक पत्र्याचा डबा. बाबा लहानपणी कृष्णेला आयर्विन पुलाखाली मासे धरायचे, पूल १९२९ चा, बाबा त्याच्यापेक्षा बरेच लहान, पण ते पुलाबद्दल असं बोलतात जणू दोघे एका वर्गात होते. वेळूची काठी, तंगूस, ज्वारीच्या ताटाचा वाळका तुकडा फ्लोट म्हणून, आणि गांडूळ. वाम लागली तर सोन्याहून पिवळं. त्या डब्यात त्यांचे जुने गळ होते आणि शिशाच्या गोळ्या, दाताने चावून बंद करायच्या त्या.

तळ्यावर गेल्या गेल्या मालक फेरी मारत आले आणि डबा बघून त्यांनी बाबांना नमस्कार केला आणि मला बाजूला घेतलं. शिसं चालत नाही. इथं १९८७ पासून बारीक शिशावर बंदी आहे, ०.०६ ग्रॅमपासून २८.३५ ग्रॅमपर्यंतची वजनं शिशाची वापरायची नाहीत, कारण थेम्सवरचे राजहंस तळातल्या गोळ्या खड्यांबरोबर गिळायचे आणि विषबाधा होऊन मरायचे. आता टंगस्टन नाहीतर कथलाच्या गोळ्या मिळतात. मी हे बाबांना सांगितलं, मला वाटलं वाद घालतील. बाबांनी डबा बंद केला, तळ्यातल्या हंसाच्या जोडीकडे बघितलं आणि म्हणाले, "आन् आमी ती दातानं चावत हुतो पन्नास वरसं." मग थोडं थांबून, "तरीच तुझी आई म्हंती."

गळ पण बाद, कारण इथं बिनकाट्याचे गळ लागतात, बार्बलेस, म्हणजे आत गेलेला गळ माशाचं तोंड न फाडता बाहेर येतो. तो गळ बघून मात्र बाबा भडकले. "ह्याला काटाच न्हाई! मासा काय जावई हाय का तुझा, पायजे तवा यावं, पायजे तवा जावं?" तंगूस सारखा ताणून धरला तर सुटत नाही, हे त्यांना दोन मासे सुटल्यावर पटलं.

आता ऐका गंमत. सातनंबरवाले आणि बाबा, एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला इंग्रजी फक्त "थँक्यू" आणि "डेट एक्स्पायर". मी दोघांच्या मध्ये पेग ८ वर दुभाषी म्हणून बसलो तर अर्ध्या तासात माझी गरजच संपली. आजोबांनी पेटीचा एक कप्पा उघडला, आत त्यांनी स्वतः बनवलेले फ्लोट, ओळीने, कापसात. त्यातला एक उचलून बाबांच्या तळहातावर ठेवला. पांढरा, पोकळ, हलका, खाली काळा दोरा गुंडाळलेला, वर शेंदरी टोक. बाबांनी बोटाने फिरवला, नखाने वाजवला, आणि म्हणाले, "आरं, ह्यो तर मोर हाय!" मोरपिसाचा देठ होता. इकडं जुने वॅगलर मोरपिसाच्या देठाचेच करायचे, अजून करतात हौशी लोक, सरळ असतो आणि तरंगतो झकास. दुसऱ्या कप्प्यात एका जाडसर गवताच्या काडीचे फ्लोट होते, आजोबा त्याला "सार्कँडस" म्हणाले, मी फोनवर बघितलं तर तो आपल्या उत्तर भारतातला सरकंडा. म्हणजे सत्तर वर्षं हे गृहस्थ बर्कशायरमध्ये बसून भारतीय मालावर मासे पकडतायत.

आणि मग आजोबांनी मला विचारलं की घरी टर्मरिक आहे का. मी म्हटलं का हो, कापलं का काही? तर नाही, आळ्यांवर टाकायला! हळद लावलेल्या आळ्या ही इथली जुनी युक्ती आहे, रोचला आणि नदीतल्या बार्बेलला आवडतात म्हणे, आणि लंचन मीटला करी पावडर लावून बार्बेल पकडणारे पण भरपूर आहेत. पुढच्या रविवारी बाबा सांगलीची हळद घेऊन हजर, सांगलीच्या माणसाला हळदीचं विचारल्यावर दुसरं काय होणार, आणि अर्धा तास आजोबांना हळदीच्या बाजारपेठेबद्दल माहिती देत होते, मराठीत. आजोबा मान हलवत होते. आळ्या पिवळ्याधमक झाल्या होत्या, जणू लग्नघर.

हळदीनेच लागला का ते सांगता येत नाही, कारण मी मक्यावर तीन रोच काढले होते तोपर्यंत, पण त्या दिवशी साडेसातच्या सुमाराला बाबांच्या फ्लोटभोवती बारीक बारीक बुडबुडे यायला लागले, साबणाच्या फेसासारखे, टाचणीच्या डोक्याएवढे. आजोबा आपल्या जागेवरनं कुजबुजले, "टेंच." तळाच्या चिखलात तोंड खुपसून खातो तेव्हा असे बुडबुडे येतात. फ्लोट दोनदा थरथरला, मग बुडायच्या ऐवजी वर उचलला गेला, बाबांना ह्याचा अर्थ कोणी सांगावा लागला नाही, मासा आमिष तोंडात घेऊन डोकं वर करतोय, बाबांनी मनगट फिरवलं. नुसतं मनगट. मी असतो तर रॉड मागे झाडात अडकवला असता.

पाचेक मिनिटं चालली ती झुंज. मासा कमळाच्या पानांत घुसायला बघत होता, बाबा रॉड आडवा करून त्याला वळवत होते, तोंडाने सतत "ये बाळा, ये, ये". जाळीत आला तेव्हा बघितलं, गर्द हिरवा, ऑलिव्हच्या तेलासारखी झाक, बारीक खवले, लालभडक चिमुकला डोळा, शेपूट फावड्यासारखं. तीन पाउंड दहा औंस, म्हणजे किलो सहाशेच्या आसपास. आजोबांनी आधी बाबांचे हात पाण्यात बुडवायला लावले, मग मासा हातात दिला, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि मग त्याला रोग होतात. मऊ चटईवर ठेवूनच गळ काढायचा, उभं राहून मासा मिरवायचा नाही. चटई नसेल तर इथं बसूच देत नाहीत, आणि जाळी पण स्वतःची आणायची नाही, तळ्याचीच वापरायची, बाहेरच्या तळ्यातनं कार्पचा व्हायरस येऊ नये म्हणून. हे नियम कडक आहेत आणि बरोबर आहेत.

सोडायची वेळ आली तेव्हा बाबांनी एकदा माझ्याकडं बघितलं. "कांदा-खोबऱ्याच्या वाटणात..." एवढंच बोलले. मग पाण्यात हात बुडवून मासा धरून ठेवला, त्याने दोन-तीन श्वास घेतले, शेपटाचा एक फटका बाबांच्या चष्म्यावर, आणि गेला. बाबा चष्मा न पुसता थोडा वेळ तसेच बसले.

बऱ्याच लोकांना वाटतं कार्प म्हणजे काहीतरी विलायती चीज. उजनीच्या बाजूला सायप्रिनस म्हणून जो विकतात ना, तोच हा, कॉमन कार्प. आपल्याकडं रश्श्यात, इकडं लोक त्याला माणसासारखी नावं ठेवतात. रिचर्ड वॉकर नावाच्या माणसाने १३ सप्टेंबर १९५२ ला हेरफर्डशायरच्या रेडमायर तळ्यात ४४ पाउंडांचा, म्हणजे वीस किलोचा, कार्प पकडला तर त्याला लंडनच्या झूमध्ये ठेवलं, क्लॅरिसा असं नाव होतं. ही गोष्ट सातनंबरवाल्यांनी मला चार वेळा सांगितलीय, प्रत्येक वेळी माझ्या खांद्यावर हात ठेवून. आमच्या तळ्यात एवढे मोठे नाहीत, पंधरा पाउंडांपर्यंतचे आहेत असं शेडमधल्या बाई म्हणतात, मी सहाच्या वर बघितलेला नाही, काल आलो असतो तर दिसला असता बहुतेक.

तक्रारी. टॉयलेट एकच, प्लास्टिकचं, आणि दुपारी बारानंतर तिकडं बायकापोरांना पाठवू नका, वाटेत पेट्रोल पंपावर थांबून या. तिकीट फक्त कॅशने, एकविसावं शतक आहे महाराज, मी पहिल्या दिवशी एटीएम शोधत परत सहा मैल गेलो. कार पार्कमधले खड्डे बघून कोल्हापूर नाका आठवतो. शनिवारी मॅच असते, म्हणजे स्पर्धा, तेव्हा अर्धं तळं बंद आणि उरलेल्या जागेत दाटी, तसे मॅचवाले लोक चांगले असतात पण ते त्यांचे चौदा-चौदा मीटरचे पोल (रील नसलेल्या लांब काठ्या) मागं सरकवत असतात आणि तुम्ही पाठीमागनं डबा घेऊन जात असाल तर डबा सांभाळा. शाकाहारी खायला चिप्स आणि चहा, बस. बेकन बॅप, म्हणजे बेकन घातलेला पाव, मात्र खाणाऱ्यांसाठी एक नंबर, पावाला लोणी आणि तपकिरी सॉस, सकाळच्या थंडीत.

पेग कुठला घ्यायचा? पोरं असतील तर ३ ते ९, काठ सपाट आहे आणि शेड जवळ. २२ च्या पुढं झाडं खूप वाकलेली आहेत, मोठे मासे तिकडं असतात आणि माझे चार वॅगलर पण. वारा ज्या काठाकडं वाहतोय त्या काठाला बसा, थंडी वाजेल, पण खाणं तिकडंच वाहून जातं आणि मासे पण. मुलांना रॉडपेक्षा साधी चार मीटरची व्हिप द्या, रील नसलेली काठी, म्हणजे आपली वेळूचीच काठी फक्त प्लास्टिकची, माझ्या लेकीने तिच्यावर एका तासात अकरा रोच काढले आणि प्रत्येकाला नाव दिलं.

बाबांची शेवटची फेरी जुलैच्या उकाड्यात झाली. आम्ही पहाटे पाचला पोचलो, गेट उघडायच्या आधी. मालक तेव्हाच तळ्यात होते, छातीएवढ्या पाण्यात, रबरी पँट घालून, पंप लावून पाणी उडवत होते, कारण उन्हाळ्यात पहाटे पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी होतो आणि मासे वर येऊन तोंड वासायला लागतात. रात्री दोनपासून उभे होते म्हणाले. दोन पंप चालू, तिसरा बिघडलेला. बाबा कारखान्यात पंपावर पस्तीस वर्षं काम केलेला माणूस, त्यांनी मला रॉड धरायला दिला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि त्या तिसऱ्या पंपाजवळ जाऊन बसले. पाऊण तासाने तो सुरू झाला. मालकांनी त्या दिवसाचे तिकिटाचे पैसे घेतले नाहीत, बाबांनी बारा पाउंड मोजून शेडच्या काउंटरवर ठेवलेच, आणि त्यांच्यात बराच वेळ ते पैसे पुढं-मागं सरकत होते, एक जण इंग्रजीत, एक जण सांगलीच्या भाषेत.

पाचपैकी चार स्टार. एक टॉयलेटचा कापला.